आडनाव माने, नदी माण: मूळ गाव शोधायचं कुठून?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरचं माने कुटुंब. आजी सांगायची, आपण माणदेशातले, होळकरांच्या फौजेबरोबर इकडे आलो. काकांना हे मान्य नाही. धार जिल्ह्यात मनावरला मान नदी आहे, तिच्या काठचे म्हणून आपण माने, लांबून कुठून आलोच नाही, असं ते नकाशा उघडून दाखवतात. मुलीनं मोबाईलवर शोधलं, तर तिला तिसरीच नदी सापडली, अकोल्याकडे बाळापूरला. हाताशी असलेल्या गोष्टी: पणजोबा सराफ्यात कामाला होते, आजोबा बहुतेक दर वर्षी सिद्धनाथाच्या यात्रेला खाली म्हसवडच्या बाजूला जायचे, आणि ट्रंकेत मोडी लिपीतले तीन कागद आहेत. यातलं खरं काय, आणि शोध घ्यायचा तर कुठून?

मोडी कागद वाचणं आणि घराण्यांच्या वंशावळी लावून देणं हेच माझं अनेक वर्षांचं काम असल्यामुळे आधी निकाल सांगतो, मग कारणं. काकांची गोष्ट सगळ्यांत कच्ची आहे. आजीच्या गोष्टीचा पहिला अर्धा भाग बळकट दिसतो, दुसऱ्या अर्ध्याबद्दल मला शंका आहे. मुलीला सापडलेली नदी सध्या बाजूला ठेवा, पण तिला शाबासकी द्या, कारण गोंधळ नेमका कुठे आहे ते तिच्याच शोधामुळे उघड झालं.

रोमन लिपीत ‘एम-ए-एन’ अशी तीन अक्षरं लिहिली की त्यात तीन वेगळ्या नद्या एकत्र कोंबल्या जातात. साताऱ्याची ती माण, काना आणि ण. वऱ्हाडातली ती मन, काना नाही आणि न. धारची ती मान, काना आणि न. मोबाईलचा नकाशा, इंग्रजी गॅझेटियर, धरणांच्या याद्या, बहुतेक ठिकाणी तिघींचं स्पेलिंग एकच. म्हणून पहिला नियम असा की गावा-नद्यांची नावं रोमन लिपीत शोधायचीच नाहीत. देवनागरीत शोधा, आणि शक्यतो त्या त्या भागातल्या माणसाच्या तोंडून ऐका.

साताऱ्याची माण माण तालुक्यात कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते. दहिवडी, म्हसवड करत ती सांगली जिल्ह्यात आटपाडीकडे उतरते, मग सोलापूरच्या सांगोला आणि मंगळवेढा भागातून जाऊन पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. तिकडे तिला माणगंगा म्हणतात आणि तिच्या दोन्ही अंगांच्या कोरड्या मुलखाला माणदेश. एक गोष्ट इंदुरात बसून लक्षात येत नाही: माण हा तालुका आहे, पण त्याचं मुख्य ठिकाण दहिवडी. त्यामुळे ‘आमचं मूळ गाव माण’ असं कुणी सांगितलं की मी लगेच विचारतो, तालुका सांगताय की गाव? कारण माण नावाचं गाव बघायचं तर ते पुण्याजवळ, मुळशी तालुक्यात हिंजवडीच्या आयटी पार्काला लागून आहे, आणि त्याचा माणगंगेशी काही संबंध नाही.

वऱ्हाडातली मन बुलढाण्याच्या डोंगराळ भागातून येते. खामगावकडचा शिर्ल्याचा मन प्रकल्प हिच्यावरच आहे. बाळापूरला तिचा म्हैस नदीशी संगम होतो आणि त्या संगमावरच बाळापूरचा किल्ला उभा आहे. पुढे ती पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला. म्हणजे हिचं पाणी अरबी समुद्रात आणि माणगंगेचं भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरात.

तिसरी, काकांची. विंध्याच्या उतारावरून दक्षिणेला नर्मदेकडे जाणारी मान. मनावर तिच्या काठावर आहे. जिराबादला तिच्यावर धरण झालं, आणि त्याच्या विस्थापितांचं आंदोलन 2002 मध्ये भोपाळपर्यंत पोचलं होतं, ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. नदी खरी, गाव खरं, पण तेवढ्यावरून माने आडनाव तिथलं ठरत नाही. मग त्याच न्यायानं महूच्या पुढचं मानपूरही तुमचंच म्हणावं लागेल, आणि मानपूरचं नाव तर राजा मानसिंहाशी जोडलं जातं. शिवाय माणगाव आहेच: एक रायगडात, एक कुडाळजवळ, आणि एक कोल्हापूरकडे, जिथे 1920 मध्ये शाहू महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले ती परिषद झाली. हद्दीबाहेर पाहिलं तर पंजाबात मान आडनावाचे जाट आहेत, आयव्हरी कोस्टमध्ये मान नावाचं शहर आहे, जॉर्डनमध्ये मआन आहे. नाव जुळण्यात नवल काहीच नाही. एक-दोन अक्षरांची नावं सगळीकडे जुळतात.

आपल्या शहराचंच घ्या. इंदूरकर आडनावाचा माणूस भेटला की इथले लोक त्याला ‘अरे, म्हणजे तुम्ही आपलेच’ म्हणतात. तो बिचारा बहुधा निजामाबादकडचा असतो, कारण निजामाबादचं जुनं नाव इंदूर. आणि इंदुरीकर म्हणजे मावळात तळेगावजवळची इंदुरी किंवा अकोले तालुक्यातली इंदुरी. इंद्रेश्वराच्या देवळावरून नाव पडलेल्या आपल्या इंदूरशी दोघांचाही संबंध नाही.

आता आडनावाकडे येतो. तिन्ही गोष्टींत गृहीत धरलेली एक गोष्ट मुळातच तपासायला हवी: आडनाव नदीवरून पडलं, ही.

मराठी आडनावांत ठिकाण सांगणारा प्रत्यय ‘कर’, आणि तो लागतो गावाला. नदीला लागल्याची उदाहरणं विरळा. जवळचंच उदाहरण आपल्या होळकरांचं. मल्हारराव 1693 मध्ये जन्मले ते नीरा नदीच्या काठी असलेल्या होळ गावात. नदी मोठी, गाव लहान, तरी आडनाव झालं ते गावावरून. नीरेवरून नाही. नदीवरून जे पडतं ते मुलखाचं नाव: भीमथडी, गंगथडी, पवन मावळ, आंदर मावळ, माणदेश. माणसाची ओळख सांगताना मुलूख सांगतात, आडनाव म्हणून तो क्वचितच चिकटतो. नाहीतर कोकणात संगमेश्वराखालून वाहणाऱ्या शास्त्री नदीवरून देशभरचे सगळे शास्त्री रत्नागिरीचे ठरले असते.

दुसऱ्या बाजूला शिंदे, मोरे, जाधव, पवार, माने ही कुळनावं. त्यांना ‘कर’ नाही आणि ती कुठल्याही एका गावाकडे बोट दाखवत नाहीत. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं गाव कण्हेरखेड, कोरेगाव तालुक्यातलं. त्यांचं आडनाव कण्हेरखेडकर झालं नाही, आणि शिंदे नावाच्या एखाद्या गावात जाऊन त्यांचं मूळ सापडणार नाही. तुमचंही तसंच. ‘माने’ या शब्दावरून गाव शोधणं म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणं. गाव दुसऱ्या पुराव्यांतून काढायचं असतं.

भाषेच्या बाजूनंही नदी आणि आडनाव सहज जुळत नाहीत. नदीत ण आहे, आडनावात न. माणचा माणूस म्हणून आडनाव झालं असतं तर माणकर किंवा माणदेशी असं काहीतरी अपेक्षित होतं. तुमच्याकडच्या जुन्या कागदावर ‘माणे’ असं लिहिलेलं दिसलं तर मला जरूर कळवा, पण तेवढ्यानंही लगेच उड्या मारू नका. लिहिणारे कारकून वेगवेगळ्या बोलींचे असत, आणि वऱ्हाड-खानदेशाकडे बोलण्यात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं.

आपल्याकडे त्यात हिंदी कागदांची भर पडली आहे. इंदुरातल्या दोन-तीन पिढ्या हिंदी शाळांत आणि हिंदी दाखल्यांवर वाढल्या. चव्हाणांचे चौहान झाले, काळ्यांचे काले, शिंद्यांचे कुठेकुठे सिंधिया, पवारांचे पंवार. माने हे आडनाव त्या घुसळणीत सुखरूप राहिलं, कारण त्यात बदलण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण याच कारणानं शाळेच्या किंवा नगरपालिकेच्या हिंदी दाखल्यातलं स्पेलिंग हा मूळ ठरवण्याचा पुरावा धरू नका. तारीख आणि वडिलांचं नाव एवढ्यापुरताच तो कागद कामाचा.

आणखी एक. माने एका जातीत नाहीत. मराठ्यांत माने आहेत, धनगरांत आहेत, कैकाडी समाजात आहेत, बौद्ध समाजातही आहेत. म्हसवडच्या देशमुख मान्यांचं नाव इतिहासात वारंवार येतं. 1697 मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात संताजी घोरपडे मारले गेले, त्या प्रकरणात म्हसवडच्या नागोजी मान्यांचं नाव घेतलं जातं. त्यामुळे इंदुरातला प्रत्येक माने आपण नागोजीच्या वंशातला आहोत असं सांगू पाहतो. (संताजीला मारल्याचा वारसा इतक्या उत्साहानं का सांगतात, हे मला अजून उमगलेलं नाही.) आडनाव एक म्हणजे कूळ एक नव्हे. देवक (लग्नात पुजलं जाणारं कुळाचं चिन्ह), कुलदैवत, कुणाकुणाशी सोयरिकी होत आल्या, या गोष्टी आडनावापेक्षा कितीतरी जास्त बोलतात.

मग खरा प्रश्न उरतो तो असा: तुमचं घर इंदुरात कोणत्या वाटेनं आलं? गाव कळण्याआधी वाट कळावी लागते, कारण प्रत्येक वाटेचे कागद वेगळ्या ठिकाणी पडलेले आहेत.

पहिली वाट फौजेची, जी आजीनं सांगितली. ती अठराव्या शतकातली. पण त्या काळात होळकरांची राजधानी इंदूर नव्हती. अहिल्याबाईंचा कारभार 1767 ते 1795 महेश्वराहून चालला. पुढे यशवंतरावांच्या काळात भानपुऱ्याला महत्त्व आलं. इंदूर राजधानी झाली ती 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर. म्हणून फौजेबरोबर आलेल्या खऱ्या जुन्या घरांत इंदूरच्या आधीची एखादी आठवण सापडते: महेश्वरला वाडा होता, रामपुऱ्याला जमीन होती, अमक्या परगण्यात इनाम होतं. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा असलेला, बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा. घोड्याच्या, पागेच्या, तलवारीच्या गोष्टी राहतात. तुमच्या घरात यातलं काही ऐकलंय का? तुमच्या प्रश्नात तरी तसं काही दिसत नाही.

दुसरी वाट सराफ्याची. इथे मी थांबतो, कारण तुमच्या पणजोबांनी मला इथेच आणून सोडलं आहे. माणदेश आणि त्याच्या शेजारचे खानापूर, आटपाडी, तासगाव, सांगोला हे तालुके पावसाच्या भरवशाचे नाहीत. तिथल्या माणसांनी विसाव्या शतकात एक धंदा उचलला आणि देशभर नेला: गलाई. सोनाराच्या दुकानातला कचरा, राख, जुने दागिने घ्यायचे, मुशीत वितळवायचे, तेजाबानं साफ करून शुद्ध सोनं-चांदी वेगळी काढायची. आज देशातल्या कितीतरी सराफ बाजारांच्या मागच्या गल्लीत विट्याचा, आटपाडीचा, खानापूरचा मराठी माणूस भट्टी लावून बसलेला दिसतो. एक भाऊ गेला की पुतण्या जातो, मग मेहुणा, आणि बघता बघता एका गावची वस्ती दुसऱ्या राज्यात उभी राहते. या लोकांचा गावाशी संबंध तुटत नाही. यात्रेला जातात, घर बांधतात ते गावात, आणि मुलांची लग्नं तिकडचीच करतात.

पणजोबा सराफ्यात होते, आणि आजोबा यात्रेला खाली जात होते. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की फौजेपेक्षा भट्टीच जास्त दिसते. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी आलेल्या घरांचा गावाशी असा जिवंत संबंध सहसा उरत नाही, त्यांचं कुलदैवतही टाक करून देव्हाऱ्यातच असतं. आजीला खोटं पाडायचं नाही. होळकरांबरोबर आलो, हे इंदुरात राहणाऱ्या मराठी घरांचं सार्वजनिक उत्तर झालं आहे, ते ऐकून ऐकून आपल्या गोष्टीत येऊन बसतं. पणजोबा सराफ्यात नेमकं काय करायचे ते घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला विचारा: दुकानात मुनीम होते, कारागीर होते, की भट्टीवर होते? हातावर तेजाबाचे डाग होते का, हे बायकांना आठवतं.

तिसरी वाट गिरण्यांची. मालवा मिल, हुकुमचंद मिल उभ्या राहिल्या तसे खानदेश-वऱ्हाडाकडून मजूर आले. तुमच्या मुलीची बाळापूरची नदी या वाटेनं शक्य झाली असती. पण घरात गिरणीचा उल्लेख नाही आणि वऱ्हाडी नात्यांचाही नाही, म्हणून मी ती बाजूला ठेवली.

आता सिद्धनाथ. हा तुमच्याकडचा सगळ्यांत मोलाचा धागा आहे, आणि तो अजून अर्धाच उलगडला आहे. तिकडे सिद्धनाथाची दोन मोठी ठाणी आहेत. एक म्हसवडला, सिद्धनाथ-जोगेश्वरीचं, ज्याची रथयात्रा मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, देवदिवाळीच्या दिवशी भरते. दुसरं खरसुंडीला, आटपाडी तालुक्यात, ज्याची चैत्रातली यात्रा खिल्लार जनावरांच्या बाजारासाठीही ओळखली जाते. तुमच्या प्रश्नात ‘म्हसवडच्या बाजूला’ असे शब्द होते. बाजूला म्हणजे कुठे? आजोबा कोणत्या महिन्यात जायचे ते विचारा. दिवाळीनंतरच्या थंडीत जात असतील तर म्हसवड, परीक्षांच्या सुमाराला उन्हात जात असतील तर खरसुंडी. पौषात गेल्याचं कुणी सांगितलं तरी खरसुंडीचा विचार करा, तिथे पौषातही यात्रा असते. घरात ‘जोगेश्वरी’चं नाव घेतलं जातं का, आरतीत किंवा जागरणात, तेही पाहा.

म्हसवड की खरसुंडी हे का महत्त्वाचं? कारण एकाच नदीच्या खोऱ्यात जुन्या काळी वेगवेगळे धनी होते आणि दप्तरं त्यांच्याबरोबर विभागली गेली. दहिवडी-म्हसवड सातारच्या छत्रपतींच्या राज्यात, ते राज्य 1848 नंतर इंग्रजांनी खालसा केलं. आटपाडी औंध संस्थानात, 1948 पर्यंत. मंगळवेढा सांगलीच्या पटवर्धनांकडे. सांगोला इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. म्हसवडचे असाल तर साताऱ्याचे आणि पुण्याचे कागद, आटपाडीकडचे असाल तर औंधाचे. चुकीच्या दप्तरात महिनाभर बसलात तरी ‘माने’ भरपूर सापडतील, तुमचे सापडणार नाहीत.

धारकडच्या बाजूला हाच घोळ आणखी मोठा आहे, काकांनी ऐकावा म्हणून सांगतो. आज एका धार जिल्ह्यात दिसणारी गावं पूर्वी धारच्या पवारांची, ग्वाल्हेरची, होळकरांची अशी वाटलेली होती. अमझेऱ्याचे राव बख्तावरसिंह यांना 1858 मध्ये इंदुरात फाशी दिली, एम. वाय. हॉस्पिटलच्या आवारात त्यांची आठवण आहे, आणि त्यांचं अमझेरा ग्वाल्हेरकडे गेलं. मानपूरचा लहानसा परगणा तर थेट इंग्रजांच्या ताब्यात होता. 1948 मध्ये मध्य भारत आणि 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला, तेव्हा हे सगळं एका छपराखाली आलं. मनावरचे असण्याचा दावा सिद्ध करायचा तर काकांना तिथल्या जुन्या बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीनमोजणी आणि सारा-आकारणीच्या, कागदात मान्यांची जमीन दाखवावी लागेल. नकाशावरची निळी रेघ पुरत नाही.

तीर्थोपाध्यांच्या वह्या हे माझं सगळ्यांत आवडतं साधन. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, आणि आपल्या जवळची उज्जैन-ओंकारेश्वर. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी स्वतःच्या हातानं किंवा सांगून नावं नोंदवली आहेत: बाप, आजा, पणजा, भाऊ, मुलं, आणि गाव. पण या वह्या बहुतेक गाव-प्रांतानुसार लावलेल्या असतात. ‘माने, इंदूर’ म्हणून विचारलंत तर उपाध्ये इंदूरची वही काढतील आणि तिथे आजोबांपाशी धागा तुटेल. तेच ‘माने, म्हसवड’ किंवा ‘माने, खरसुंडीकडचे’ म्हणून विचारा, दुसरी वही निघेल. पणजोबांचे दशक्रिया-श्राद्धाचे विधी कुठे झाले ते आधी घरात विचारून घ्या. गलाईवाल्यांच्या घरांत अस्थी नाशिकला की पंढरपूरला नेल्या, हे बहुतेक कुणालातरी आठवतं. जाताना वंशावळ कागदावर लिहून न्या, फोनमध्ये दाखवून काम होत नाही, आणि दक्षिणेवरून हुज्जत घालू नका.

कुलवृत्तांताच्या छापील ग्रंथांवर फार भिस्त ठेवू नका. ते छापण्याची चाल मुख्यतः ब्राह्मण कुळांत पडली. मराठा आणि धनगर घराण्यांचे छापलेले वृत्तांत बहुतेक सरदार घराण्यांचे असतात, आणि त्यांत शाखा जोडून घेण्याचा मोह फार. डीएनए चाचणीबद्दल हल्ली सगळे विचारतात. ती गावाचं नाव सांगत नाही, तुमच्या प्रश्नाला तिचा उपयोग शून्य.

राहिले ट्रंकेतले तीन कागद. ते मोडीत आहेत एवढ्यावरून ते फौजेच्या काळातले ठरत नाहीत. मोडी विसाव्या शतकातही व्यवहारात होती. गलाईच्या पिढीतल्या माणसाचं कर्जखत, गावाकडच्या जमिनीची वाटणी, भावाचं पत्र, यांपैकी काहीही असू शकतं. स्टँप पेपर असेल तर त्यावरचं चित्र आणि मजकूर बघा, कोणत्या संस्थानाचा किंवा कोणत्या बादशहाच्या नावाचा आहे ते कळेल, आणि तेवढ्यावर अर्धं काम होतं.

तारीख वाचताना सांभाळा. शके असेल तर 78 मिळवा, विक्रम संवत असेल तर 57 वजा करा. जुन्या दरबारी कागदात सुहूर सन येतो, तो अरबी शब्दांत लिहितात: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे 1161, त्यात 599 किंवा 600 मिळवले की 1760-61, पानिपताचं वर्ष. फसली या महसुली सनात मात्र फसगत होते. दक्षिणेतल्या फसलीत 590-91 मिळवायचे, उत्तरेकडच्या फसलीत 592-93. कागद माणदेशात लिहिला की माळव्यात, हे ठरल्याशिवाय फसली सन इसवीत बदलू नका.

कागद उलगडताना घडीवर जोर देऊ नका. चिकटपट्टी लावू नका आणि कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या कोऱ्या बाजूला बहुतेकदा घडीच्या वर एक ओळ असते, कशाबद्दलचा कागद ते सांगणारी, आणि लोक नेमका तिचाच फोटो काढत नाहीत. कोपऱ्यातले शिक्के, सह्यांऐवजी काढलेली नांगराची निशाणी, साक्षीदारांची नावं, हे सगळं यायला हवं. साक्षीदार शेजारपाजारचेच असतात, त्यांच्या नावांपुढे गावं असतात, आणि तुमचं गाव खोडलं गेलं असेल तरी त्यांच्यावरून परिसर कळतो.

वाचून घ्यायला दिलेत की वाचणाऱ्याला आधी एकच शब्द शोधायला सांगा: ‘मौजे’, म्हणजे गाव. त्याच्या पुढे गावाचं नाव येईल. पण नुसतं ते उतरवून घेऊन गाडीत बसू नका, कारण त्या नावाची चार गावं महाराष्ट्रात निघतील. त्याच ओळीत पुढे ‘तर्फ’, ‘कर्यात’, ‘परगणे’ किंवा ‘प्रांत’ असा जुन्या महसुली विभागाचा शब्द असतो, त्याच्यासकट पूर्ण ओळ लिहून घ्या. त्यात ‘प्रांत माण’ किंवा ‘संस्थान औंध’ असं काही निघालं, तर नदीचा वाद तिथेच मिटेल.